अठरावी पायरी

मुलींचं वसतिगृह, खोली नऊ
मंगळवार, १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे, पैसे नकोत, आणि जेवण तुम्हाला माहीत आहे तसंच आहे. फोन केला असता, पण आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी आई बसलेली असते.

तुम्ही मागे विचारलं होतंत, ते नवीन सॉफ्टवेअर जमतंय का. नाही जमत. या बीआयएमने माझं डोकं उठवलंय! तुमच्या ड्रॉइंग बोर्डावर दोन रेघा मारल्या की भिंत व्हायची. इथे नुसती रेघ चालत नाही. अख्खी इमारत संगणकात उभी करायची, आणि भिंत केवढी जाड, वीट कसली, गिलावा किती, हे सगळं आधी सांगायचं. भिंत पुसली की तिच्यातलं दार न विचारता गायब. परवा छप्पर वीतभर सरकवायला गेले तर न्हाणीघर उडालं. वर्गातल्या पोरी पटापट पुढे चालल्यात आणि मी आपली चुका दाखवणाऱ्या सूचना वाचत बसलेय. तुम्ही आयुष्यभर पेन्सिलीने नकाशे काढलेत, तुमच्या लेकीला हे जमू नये याची लाज वाटते.

सरांनी स्वतःचं घर मोजून त्याचं मॉडेल करायला सांगितलंय. सुट्टीत आपण दोघांनी मोजलं होतं ना, तेच. खोल्या, खिडक्या सगळं नीट बसलं. जिन्यावर मात्र अडकले. सतरा सेंटिमीटर उंचीच्या अठरा पायऱ्या भरल्या, तर सॉफ्टवेअर म्हणे, जिना वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही. साडेचार सेंटिमीटर कमी. पुसून पुन्हा केलं, तेच. फाइल बंद करून उघडली, तेच. तीन दिवस त्या पिवळ्या सूचनेला मी शिव्या घातल्या. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, मशीन बिचारं बेरीज करतंय. तुम्ही सगळ्या पायऱ्या मोजल्या होत्या का?"

मी हो म्हणाले. मोजल्या नव्हत्या. सतरा पायऱ्या मोजून झाल्यावर तुम्ही टेप गुंडाळलीत आणि म्हणालात, "लिही सतरा सेंटिमीटर, सगळ्या सारख्याच आहेत." मी लिहिलं. तुमच्या शब्दावर मी कधी टेप लावली नव्हती.

परवा रविवारी मी घरी येऊन गेले. तुम्ही साइटवर होतात. आईला मीच म्हटलं, बाबांना सांगू नकोस, उगाच अभ्यास बुडवते म्हणतील. अठरावी पायरी साडेएकवीस भरली. तीनदा मोजली. आई खालून ओरडली, "काय करतेस गं तिथे? सांभाळून उतर, मी तिथेच धडपडले होते." मी म्हटलं, काही नाही, कॉलेजचं काम.

बाबा, वरच्या मजल्यावर टाइल्स बसवल्या तेव्हा आई म्हणत होती, जुनी फरशी काढून घ्या. तुम्ही म्हणालात, कशाला तो राडा, वरूनच बसवू. टाइल आणि खालचा माल मिळून मजला साडेचार सेंटिमीटर वर आला, आणि शेवटची पायरी तेवढीच उंच झाली. पंधरा वर्षं त्या जिन्यावर तिचं पाऊल एकदाही चुकलं नव्हतं. टाइल्स बसल्यावर महिन्याभरात शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन उतरताना पहिल्याच पावलाला ती खाली आली. खुबा मोडला. आपण काय म्हणालो? तुम्ही म्हणालात, हिचं लक्ष कुठे असतं. मी म्हणाले, चष्मा बदल, किती वेंधळी आहेस. हो, मीसुद्धा. दोन वर्षं झाली, ती वर गेलेली नाही. शिलाई मशीन वर तसंच झाकून पडलंय. कुणी विचारलं की ती हसून सांगते, "माझाच वेंधळेपणा." तिला ते खरंच वाटतं, बाबा. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

तुम्हाला ठाऊक होतं का, हे विचारायचं नाही असं ठरवून पत्राला बसले होते. पण तुम्ही टेप नेमकी तिथेच गुंडाळलीत. जन्मभर दुसऱ्यांच्या जिन्यांच्या पायऱ्या तपासणाऱ्या माणसाला घरची उंच पायरी पायाला कळली नसेल, हे मला पटत नाही. कळली असेल, आणि तोवर आई पडून गेली असेल, मग बोलायचं राहिलं असेल. असंच झालं असेल ना? मला असंच झालेलं हवंय.

मॉडेलचं म्हणाल तर उपाय सोपा आहे. एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर अठरा पायऱ्या सारख्या वाटून देतं, प्रत्येकी सव्वासतरा. सूचना जाते, जिना देखणा दिसतो, मार्क पूर्ण. काल मी ते दाबलं होतं. पाच मिनिटं बघत बसले आणि परत फिरवलं. शुक्रवारी साडेएकवीसची पायरी आहे तशी देणार आहे. कमी मार्क पडले तर पडोत.

शनिवारी संध्याकाळी घरी येतेय. तोवर आईला तुम्ही सांगा. पायरी दुरुस्त नंतर करू, गवंडी मिळेल. आधी तिला सांगा की ती वेंधळी नव्हती. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला बरं वाटेल, आणि मलाही. नाही जमलं तर मी सांगेन, आणि तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला तुम्हाला जिन्यावर उभं करेन.

तुमचीच, पण या वेळी आईच्या बाजूने,
तुमची लेक