लालबागची तक्रार

८ एप्रिल १९५८, मंगळवार
ऑफिसात पोचतो न पोचतो तोच लालबागहून परबबाईंचा फोन. इराण्याच्या हॉटेलातून करतात आणि तारेवर भरवसा नसल्यासारख्या ओरडतात. "तुमचा मशीन परत बंद पडला! बायका डबे घेवन बसल्यात हंय!"
गेलो. त्यांच्या दुकानातलं मिरची कांडायचं यंत्र, चार लोखंडी मुसळं, महिन्यापूर्वी कंपनीतर्फे मीच बसवलेलं. फ्यूज उडालेला, मोटर हात लावू देईना. तिच्यात दोष काहीच नाही. पट्टाही ठीक. मग काय? शिंकून शिंकून बेजार. गिरगावात परत, खानावळ, खोली. दिवे लागल्यापासून तोंडातून शब्द नाही. बोलणार कोणाशी?

१० एप्रिल, गुरुवार
पुन्हा तेच. आज दुपारभर दुकानात नुसता बघत बसलो, तेव्हा उलगडलं. आपल्या मसाल्यात शेजारणीच्या मसाल्याचा कणही गेलेला एकाही बाईला खपत नाही. दर डब्यामागे मोटर बंद, उखळ झाडायची, पुढचीची मिरची ओतायची, मोटर चालू. दिवसातून तीस-चाळीस वेळा! सुरू होतानाच मोटरला सगळ्यात जास्त जोर पडतो. तापेल नाही तर काय.
उपाय सोपा. शेजारी एक मोकळी पुली बसवायची. दांड्याने पट्टा तिच्यावर सरकवला की मुसळं थांबतील, मोटर आपली फिरत राहील. अर्ध्या दिवसाचं काम.
सांगणार, एवढ्यात परबबाई म्हणाल्या, "जेवलात काय? की तसेच इलास?" माझी बायको कमल गेली त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून हे कोणी विचारलेलं नाही. म्हटलं, अजून नीट कळत नाही, परत येऊन बघतो.
असं का म्हटलं?

१४ एप्रिल, सोमवार
साहेब: "धुरंधर, लालबागचं काय?" मी: "तपास चालू आहे." एवढी वर्षं नोकरी झाली, साहेबांशी खोटं पहिल्यांदाच.
फ्यूज बदलला. बाईंकडे बांगड्याची आमटी, भात. भाताबरोबर शिव्याही वाढतात: मोटर भिकार, कंपनी लबाड, तुमका काय येता तरी? मी मान खाली घालून जेवलो. बरं वाटलं. लाज नाही मला.

२० एप्रिल, रविवार
परबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, शिवाजी पार्कच्या सभेला ओढत नेलं. गिरणीत साचेवाले आहेत, माग चालवतात, आवाज त्या खडखडाटाला साजेसा. "मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र घेतल्याशिवाय आमी गप बसूचे नाय, मेकॅनिकसाहेब!" मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. परब कोणाला तरी सांगत होते, हे आमच्या घरातलेच.
दादरहून गिरगावपर्यंत चालत आलो. वाटेत एकदा वाटलं, मागे फिरावं आणि आत्ताच सांगून टाकावं. नाही फिरलो.

२४ एप्रिल, गुरुवार
आज फोन आला नाही. आपणहूनच गेलो. दुकानात दोनच बायका. बाकीच्या परळला जातात म्हणे, तिथलं यंत्र बंद पडत नाही. मसाल्याचा हंगाम हे दोन महिने, पाऊस लागला की वर्षभर कोण मिरची कांडतंय?
बाई आज ओरडल्या नाहीत. रिकाम्या उखळीजवळ बसून होत्या. "तुमी तरी काय करतलात," म्हणाल्या.
दुसऱ्या कोणाच्या घरात चोरी झाली असती तर मी पोलिसात गेलो असतो. इथे चोर मीच. दोन घास आणि चार शिव्यांसाठी एका बाईचा हंगाम बुडवला.

२६ एप्रिल, शनिवार
सकाळी पुली बसवली. दुपारपर्यंत पंधरा डबे निघाले, मोटर कोमट. बाईंचा चेहरा फुलला. उपाय आधीच ठाऊक होता हे तेव्हाच सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.
"कधीपासून ठावक होता तुमका?"
"दहा तारखेपासून."
"मगे सांगलात कित्याक नाय?"
"सांगितलं असतं तर इथे यायला कारण उरलं नसतं."
मुसळं आपटत होती. बाई म्हणाल्या, "येवक कारण कित्याक व्हया होता? तसेच येवचे." आणि पाठ फिरवून पुढचा डबा घेतला.
तसेच येवचे. हे मला सुचलंच नाही.

५ मे, सोमवार
नऊ दिवस. फोन नाही. यंत्र चाललेलं दिसतंय. ऑफिसात फोन वाजला की मान वर जाते, भायखळ्याचा असतो, नाहीतर माझगावचा.
दोनदा लालबागच्या नाक्यापर्यंत जाऊन परतलो. तसंच जायचं म्हणजे कसं जायचं? हातात हत्यारांची पेटी नसली तर मला दारात उभं राहताही येत नाही.

१२ मे, सोमवार
लालबागहून चिठ्ठी, परबांच्या अक्षरात. साहेबांच्या नावे. "यंत्र उत्तम चालते. तेल घालण्यासाठी माणूस पाठवणे."
साहेब म्हणाले, "तुम्ही जाता, की पवारला धाडू?" उद्या सांगतो म्हटलं. चिठ्ठी मागून घेतली, ती समोर आहे. माझं नाव कुठेच नाही. मला पाठवू नका असंही नाही. बाईंनी हे सांगून लिहून घेतलं की परबांनी आपल्या मनाने लिहिलं, तेही कळत नाही.
उद्या नऊ वाजता साहेबांना काय ते सांगायचं आहे.