लॅपटॉप चालू झाला आहे

प्रिय अभिजित,

काल फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, सर्दी झालीय का? सर्दी नव्हती रे. समोर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा पडला होता, त्याचं पाठीचं झाकण निघालेलं होतं आणि माझी बोबडी वळली होती. खरं सांगितलं असतं तर तू साताऱ्याहून ओरडला असतास, म्हणून ‘हो, थोडी आहे’ म्हटलं. फोनवर मी निम्मंच बोलते आणि उरलेलं निम्मं भांडी विसळताना आठवतं, म्हणून आज लिहायलाच बसले.

लॅपटॉप तोच, जयपूरला आलो त्या वर्षी तू बँकेतल्या कुणाकडून तरी वापरलेला आणला होतास. बदली कधीही येईल, नवा कशाला, हे तुझं पालुपद, आता साताऱ्याची आली तोवर तेच. आपल्या घरात त्या बदलीच्या नावाखाली नवं काही आलंच नाही, पडदेसुद्धा अजून भोपाळच्या खिडक्यांच्या मापाचे आहेत आणि इथे फरशीवर लोळतात. तक्रार करत नाहीये. बरं, करतेय थोडी.

त्याच लॅपटॉपवर मी इथून जवळच्या बगरू गावच्या मनोहरजींचं काम करते. ते लाकडी ठशांचे छाप पाठवतात, मी ते स्कॅन करून अख्खी चादर पडद्यावर मांडते, म्हणजे कापड छापायच्या आधीच गिऱ्हाइकाला ती दिसते. सुरुवातीला तू त्याला माझा टाइमपास म्हणायचास, मीही म्हणायचे. दिवाळीनंतर काम वाढलं आणि लॅपटॉपने मान टाकली. एक फाइल उघडायची तर मी चहा करून, पिऊन, कप धुऊन येईपर्यंत हा आपला गोल गोल फिरतोय. त्यात मनोहरजींना एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली. सगळे नमुने सोमवारपर्यंत हवेत. ते म्हणाले, ‘ऋचाजी, नहीं हो पाएगा तो अभी बता दीजिए, मैं किसी और को देख लूँ.’ इतकं नम्रपणे म्हणाले की जास्तच लागलं. हे काम हातचं गेलं तर मला ते सोसणार नाही, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही हे सांगितलं नव्हतं.

तू म्हणालास, साताऱ्याला आलीस की नवा घेऊ, त्या खटाऱ्यात कशाला पैसे घालतेस. मी ‘बघू’ म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी सोळा जीबीची मेमरी आणि नवी डिस्क घेऊन आले. दुकानदार बसवून द्यायला तयार होता, पण लॅपटॉप ठेवून जा म्हणाला, आणि वर ‘डेटा की गारंटी नहीं’. सगळे ठसे त्यात! मी सरळ लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले.

मग व्हिडिओ बघून स्वतःच करायला घेतलं. आधी नवी डिस्क वायरने जोडून जुन्यातलं सगळं तिच्यात उतरवायला लावलं. जुनी डिस्क मधेच टकटक करायची आणि पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा एका जागी अडून बसायचा. मी घरभर येरझाऱ्या घातल्या, जेवणही गेलं नाही. ते एकदाचं उतरलं, तेव्हा थंडीत बरं म्हणून लॅपटॉप घेऊन पलंगावर रजईत बसले, अंगात तुझा लोकरीचा स्वेटर, हातात स्क्रू ड्रायव्हर. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली कीर्ती आली आणि दारातूनच किंचाळली. रेल्वेवाल्यांची मुलगी, जन्म इथलाच, तिचं मराठी तुला माहीतच आहे. ‘ताई, पागल झालात का? मतलब, इथल्या सर्दीत स्वेटरमधून ठिणग्या निघतात ना, एक ठिणगी बसली की मेमरी खतम!’ मला उठवलं, स्वेटर काढायला लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून नळाला हात लावायला लावला. मग मी कुडकुडत टेबलापाशी. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू मसाल्याच्या रिकाम्या डब्यात एकेका वाटीत ठेवले, हळदीच्या वाटीत कोपऱ्यांचे, मोहरीच्या वाटीत मधले. त्याच वेळी तुझा फोन आला होता.

सगळं बसवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. काळा पडदा. पंखा फिरतोय आणि पडद्यावर काही नाही. आणि मग, अभिजित, मनात एक विचार आला तो तुला सांगायलाच हवा. वाटलं, बरं झालं, मेला एकदाचा. आता मनोहरजींना नाही म्हणायचं, सामान आवरायचं आणि मुकाट्याने साताऱ्याला जायचं, भांडण नाही की तंटा नाही. भोपाळची शाळेतली चित्रकलेची नोकरी अशीच सोडली, रायपूरचे क्लास असेच सोडले. तू कधी जबरदस्ती केली नाहीस. ऑर्डर यायची आणि मी भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला बसायचे, कुणी न सांगता. त्या काळ्या पडद्यापेक्षा मला त्या ‘बरं झालं’चीच जास्त भीती वाटली.

मी पुन्हा सगळे स्क्रू काढले. कीर्ती म्हणाली तसं मेमरीच्या पट्टीचं सोनेरी टोक खोडरबराने पुसलं आणि पट्टी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी खटका येईपर्यंत दाबली. बटण दाबताना डोळे मिटले होते. कीर्तीने दंडाला चिमटा काढला तेव्हा उघडले. चालू झाला होता. चादरीची फाइल चहाचं आधण ठेवायच्या आत उघडली. मी रडले, आणि कीर्ती बावचळून मला पाणी देत बसली.

अभिजित, तू तिथे माझ्यासाठी स्वयंपाकघराच्या फरशा निवडतोयस, पांढऱ्या की क्रीम म्हणून फोटो पाठवतोयस, आणि मी उत्तर देत नाहीये. म्हणून हे पत्र. मी साताऱ्याला येत नाहीये, आत्ता तरी नाही. दुर्गापुऱ्याच्या या घराचा भाडेकरार मी माझ्या नावावर पुढे चालू केला आहे. तू रागावलास तर मी भांडेन, ते मला जमतं. तू नुसतं ‘बरं’ म्हणून गप्प बसशील, याची मात्र फार भीती वाटते, कारण तुझं ते ‘बरं’ ऐकलं की मी येईन. म्हणून दोन दिवस फोन करू नकोस. गुरुवारी सामान न्यायला इथे ट्रक येईल. तुझी पुस्तकं, तुझी खुर्ची, आईंचा फोटो, तुझे कपडे, सगळं मी नीट बांधून ठेवलं आहे. माझं काही बांधलेलं नाही.

तरीही तुझीच,
ऋचा