‘वाया गेलेला’ : जोडलेला आहे

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४.१०
कॉम्प्युटर बिघडला. प्रिंटर रुसला म्हणून जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर. आणि खाली चौथा : ‘वाया गेलेला – जोडलेला आहे’.
हे चिरंजीवांच्या फोनचं नाव. मी त्याला जे म्हणायचो तेच त्याने फोनला ठेवलं, मला खिजवायला. चिरंजीव सात महिन्यांपूर्वी घर सोडून गेले. मी शब्द टाकून लावलेली गोदामातली नोकरी लाथाडली, आता लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडतात. फोनही सोबत गेला. मग जोडलेला कुठून?
एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं. जे फळीवर नाही ते यादीत नाही, हा माझा नियम. संकल्प : आठ दिवसांत हा बिघाड मी स्वतः काढणार. कुणाच्या पाया पडणार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
सकाळपासून चार वेळा तपासलं. ‘जोडलेला नाही’. म्हणजे सुधारला. मी फक्त बंद करून चालू केला होता. शेवटी जाणता हात लागतो. हिला सांगितलं, ही ‘बरं’ म्हणाली. हिला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
४.०५ ला पुन्हा जोडलेला. नोंदवही सुरू केली. तारीख, वेळ, स्थिती. ५.१५ ला आपोआप गेला.
हिला दाखवणार होतो, पण ही घरात नव्हती. गुरुवारी दुपारी ही शेजारीणबाईंकडे विणकाम शिकायला जाते. बाई रिटायर्ड नर्स, एकट्या राहतात, मधे एकच भिंत. ही त्यांना डबाही नेते, चांगला दोन माणसांना पुरेल एवढा. एकट्या बाईला एवढं लागतं? आणि सहा महिने विणकाम चाललंय, घरात एक मोजा आलेला नाही. शिकवणारी ढ असणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार
दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मदतीला नव्हे, खात्री करायला. त्याने यादी पाहिली, नोंदवही पाहिली. म्हणाला, कॉम्प्युटर ठणठणीत आहे, तो फोन आठ-दहा मीटरच्या आत आला की ब्लूटूथने आपोआप जोडला जातो, म्हणून असं दिसतं. गुरुवारी कोण येतं तुमच्याकडे? म्हटलं, काळं कुत्रंही येत नाही. ही चहा देत होती, तो बशीत सांडला. दुरुस्तीवाल्याने हिच्याकडे बघितलं आणि नोंदवही मिटून ठेवली.
लबाड आहे. दोष सापडला नाही की गिऱ्हाइकावर ढकलायचा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
४.०२ ते ५.२०. व्हायरस असावा, आठवड्याचा.
भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. शेजारीणबाईंचा आवाज चांगलाच बसलेला दिसतोय. चिरंजीवही असेच खोकायचे, लागोपाठ दोनदा. योगायोग.
संध्याकाळी हिला म्हटलं, उद्या नावच उडवतो. म्हणाली, “राहू द्या ना. तुमचं काय खातंय ते?” जागा खातंय, म्हटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मोहीम फत्ते. ‘वाया गेलेला’, क्लिक, ‘काढून टाका’. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? नक्की. विचारतोस काय. एक सेकंद लागला. गोदामात एक पेटी खिळे यादीतून कमी करायचे तर तीन सह्या लागायच्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
चार ते साडेपाच समोर ठाण मांडून बसलो. नाही आला. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर. आता म्हणावं दुरुस्तीवाल्याला, येऊन बघ.
ही सव्वाचारलाच परत आली, डबा भरलेला. शेजारीणबाईंना भूक नसेल. मी बातमी सांगितली तर ही उठून आत गेली. रात्री जेवली नाही. या घरात कुणाचं कौतुक करायची पद्धतच नाही.

५ मार्च, गुरुवार
ही शेजारी गेली नाही. चार वाजता विचारलं, विणकाम संपलं का?
मग हिने सांगितलं. आवाज न चढवता. दर गुरुवारी तो शेजारीणबाईंकडे यायचा, आईच्या हातचं जेवायला. “आधी फोन बघायचा. घरचा कॉम्प्युटर जोडलेला दिसला की म्हणायचा, बाबांनी मला अजून काढलं नाही, आई. येईन एक दिवस घरी. गेल्या गुरुवारी बघितलं आणि डबा न उघडता उठला. आता येणार नाही म्हणाला.”
मी म्हटलं, मला आधी सांगायचं होतंस.
“नोंदवही तुमच्याकडे होती,” ही म्हणाली.
मला माहीत नव्हतं. खोकला ऐकला होता, पण खोकला म्हणजे पुरावा नव्हे.

६ मार्च, शुक्रवार
परत जोडायला बसलो. यंत्र म्हणतं, वस्तू जवळ हवी, आणि तिकडूनही होकार यायला हवा. मूर्ख यंत्र. काढताना तिकडे विचारलं होतं का?
फोनच करणार आहे. नंबर पाठ आहे. पण आपण बाप आहोत, घाई दिसायला नको. सोमवारी करू.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ४.१०
फोन सोमवारी राहिला. मंगळवारी रेंज नव्हती. काल तो कामात असणार.
टेबल शेजारच्या भिंतीला लावलं. इथे उजेड बरा आहे. ‘शोधत आहे’ असं येतं, पडद्यावर चक्र फिरतं, थांबतं. परत दाबतो. हिने दारातून विचारलं, काय शोधताय? प्रिंटर, म्हटलं.
प्रिंटर यादीत आहे.