तिसऱ्या रांगेचं काय करायचं?

प्रिय धाकटे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं आहे ना सगळं? हो, आमचंही बरं" एवढ्यात गुंडाळतेस आणि मागून तुझी पिटुकली नेमकी वेळेवर रडायला लागते. कधीकधी वाटतं, तूच तिला चिमटा काढत असशील. म्हणून म्हटलं, पत्र. तर बैस निवांत, कारण माझं डोकं फुटायची वेळ आलीय आणि सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. ह्यांना सांगून उपयोग नाही, कारण निम्मी डोकेदुखी हेच आहेत. उरलेली निम्मी म्हणजे आपले सासरे, बाबा.

आम्ही गाडी घेतोय. म्हणजे घेत नाही आहोत, गेला दीड महिना नुसतं घेतोय घेतोय करतोय. जुन्या जीपने शेवटी मान टाकली. गॅरेजवाल्याने खाली झोपून पाहिलं, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, आता हिच्यावर खर्च करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डोंगरावरच्या घराची वाट तुला माहीत आहेच. आधी दगड, मग ओढा, मग पुन्हा दगड. साधी गाडी तिथे पोटावर बसते. तेव्हा चारही चाकांना जोर असलेली मोठी गाडी हवी, यावर घरात एकमत झालं. आपल्या घरात एकमत! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शोरूममध्ये गेलो तेव्हा मला वाटलं, गाडी दाखवतील, आपण बसून बघू, रंग सांगू आणि जेवायला घरी. छे! तिथल्या बाईंनी आमच्यापुढे असा काही तक्ता पसरला की कपड्याच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. एकाच गाडीचे चार प्रकार. सगळ्यांत खालच्यात मागच्या काचासुद्धा हाताने फिरवायच्या. दुसऱ्यात चारही चाकांना जोर आहे, पण मागे एसी नाही. तिसऱ्यात मागे एसी आहे, पण तो हवा असेल तर छताला मोठी काच घ्यावीच लागते. का? तर "पॅकेजमध्येच येतं सर." सगळ्यांत वरच्यात सगळं आहे, उन्हाळ्यात बूड गार करणारी सीटसुद्धा, पण त्यात गिअर आपले आपण पडतात. बाबांनी हे ऐकलं मात्र, ते खुर्चीवरून उठलेच. गाडीने स्वतः गिअर टाकायचे तर माणसाने तिथे बसून काय करायचं, असं त्यांनी बाईंना विचारलं. बिचाऱ्या बाई म्हणाल्या, निसर्ग बघायचा सर, छताला काच आहे ना. त्यावर बाबा म्हणाले, छपराला भोक पाडून वर त्याचे पैसे घेता? मी त्या दिवशी कॉफीच्या कपात तोंड घालून बसले होते.

आता बाकीची मंडळी ऐक. ह्यांना हवा आहे तो मोठा पडदा, टीव्हीएवढा. घरातल्या टीव्हीसमोर ह्यांना दहा मिनिटांत डुलकी लागते, तो भाग वेगळा. आमच्या कन्येला फक्त रंग हवाय, शेवाळी, तोही चमक नसलेला, आणि तो रंग फक्त खालून दुसऱ्या प्रकारातच मिळतो. तिने जाहीर केलंय की पांढरी गाडी घेतली तर ती डोंगरावर चालत जाईल. आणि मला? मला कुणी विचारलंच नाही. माझी उंची तुला माहीत आहे. त्या गाडीत चढायचं म्हणजे माळ्यावर चढायचं. मला दाराखाली एक पायरी हवी, एवढंच. ती पायरी "ॲक्सेसरी" आहे म्हणे. ॲक्सेसरी! या घरात मीही तीच आहे.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी तुला पत्र लिहिलं नसतं. खरं घोडं अडलंय ते तिसऱ्या रांगेपाशी. डोंगरासाठी म्हणून त्यांचं एक खास पॅकेज आहे: चढाचा लो गिअर, पोटाखाली पोलादी पत्रा, खडबडीत टायर. आपल्याला तेच हवंय. पण ते घेतलं की तिसरी रांग जाते, कारण तिथे दुसरी स्टेपनी ठेवतात. म्हणजे पाच सीटं. आणि सात सीटं घेतली की डोंगराचं पॅकेज नाही. आम्ही माणसं किती? बाबा, हे, मी आणि कन्या. चार. पाचात चार मजेत मावतात, एका सीटवर जेवणाचे डबे. लहान मुलालाही कळेल असं गणित. पण बाबांनी धोशा लावलाय, सात. सात आणि लो गिअर, दोन्ही. एक ना दोन, रोज सकाळी चहाबरोबर सात. कशाला, विचारलं की तोंडात मिठाची गुळणी.

आणि नुसता धोशा लावून थांबले असते तर सासरे कसले! प्रत्येक वेळी शोरूममध्ये गेलं की ते थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसतात. त्यांचे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊक आहे, जिन्याच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबतात. ते गुडघे हनुवटीला टेकवून मागे कोंबून घेतात स्वतःला, दार लावायला लावतात, एसी चालू करायला लावतात आणि बसून राहतात. मागे वारा येतो का, डोकं छताला लागतं का, बाहेरचं दिसतं का, हँडल कुठे आहे. एकदा तर बाहेरच निघता येईना. मी एक हात धरला, ह्यांनी दुसरा, बाईंनी मागून ढकललं. शोरूममधले लोक काचेतून बघत होते. मी वैतागून म्हटलंही, बाबा, तिथे बसणार कोण आहे? ते रुमालाने चष्मा पुसत राहिले. मग बाईंना म्हणाले, मधल्या सीटला लहान मुलाची खुर्ची अडकवायचे हूक आहेत का ते दाखवा. धाकटे, आमच्या घरातलं सर्वांत लहान मूल आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आणि खरं सांगू? मला बरं वाटायच्या ऐवजी संतापच आला. तीन वर्षं! तीन वर्षं तुम्ही दोघं इकडे फिरकला नाहीत. दोघे भाऊ महिन्याला एकदा फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि ठेवून देतात. पिटुकली चालायला लागली, बोलायला लागली, आणि तिच्या आजोबांनी तिला पाहिलं ते फक्त फोनमध्ये, तेही अर्धं कपाळच. आणि हे गृहस्थ काय करतात, तर एसीचे झरोके तपासतात! ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही या घराची जुनी खोड. सरळ फोन उचलून, चुकलं माझं, एवढं म्हणता येत नाही? सगळ्यांत वरच्या मॉडेलमध्येही तो शब्द बसवलेला नाही, आणि ॲक्सेसरी म्हणूनही मिळत नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. जीपमध्ये बसायचा या घरचा नियम तुला लग्नानंतर आठवड्यातच कळला असेल: घरात जो सगळ्यांत नवा, तो मागे, आडव्या बाकड्यावर, सामानाबरोबर. ते बाकडं मी आठ वर्षं झिजवलंय. तू आलीस आणि मला मधे बढती मिळाली. पुढे बाबा आणि हे, मधे मी, कन्या आणि भाऊजी, आणि मागे तू, गॅसची टाकी, गाद्यांची वळकटी आणि पाण्याचे कॅन. ओढ्याच्या अलीकडेच तुला मळमळायला लागलं. तू थांबवा म्हणालीस. बाबा म्हणाले, चढावर गाडी थांबली की थांबलीच, आणि वर आपला नेहमीचा विनोद, की मागच्या बाकड्याची तक्रार या गाडीत ऐकू येत नाही. जीपभर हशा झाला. तू वर पोचलीस, तोंड धुतलंस, पिशवी उचललीस आणि भाऊजींना घेऊन आल्या वाटेने पायी खाली निघून गेलीस. तुला दिवस गेले होते हे आम्हाला नंतर पंधरा दिवसांनी भाऊजींच्या मेसेजमधून कळलं. बाबांनी तो मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि बागेत जाऊन झाडांना पाणी घालत बसले. त्या दिवशी पाऊस पडत होता.

तुझा राग बरोबरच होता, त्यात मला शंका नाही. पण तुझ्यावरही मी चिडलेली आहे, ते सांगून टाकते. तू भांडली का नाहीस? ताट आपटलं असतंस, आरडाओरडा केला असतास, मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते, निदान कुठे उभं राहायचं ते तरी कळलं असतं. तू गप्प गेलीस. आणि गप्प बसण्यात या घराचा हात कोण धरणार! इकडे एक गप्प, तिकडे एक गप्प, आणि मधे मी, दोन्हीकडे "सगळं बरं आहे" सांगत फिरणारी.

असो. आता गेल्या रविवारचं सांगते, त्यासाठीच एवढा वेळ दळण दळलं. गाडी चालवून बघायची म्हणून आम्ही शहराबाहेर गेलो. तिथे बंद पडलेल्या खाणीत कंपनीने एक रस्ता केलाय, मुद्दाम खड्डे, दगड, चढ आणि चिखल. मला वाटलं, आता बाबा स्टिअरिंग सोडायचे नाहीत. पण त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि स्वतः गेले तिसऱ्या रांगेत. कंपनीचा माणूस ह्यांच्या शेजारी बसला, मधे मी आणि कन्या. पहिल्या खड्ड्याला मी टुणकन उडाले, दुसऱ्याला कन्या हसायला लागली. चढ सुरू झाला आणि मागून बाबांचा आवाज आला, थांबव जरा. ह्यांनी ब्रेकवर पाय नेला तर कंपनीचा माणूस म्हणाला, चढावर थांबायचं नाही सर, जोर ठेवा. बाबा पुन्हा म्हणाले, थांबव रे. इंजिनाच्या आवाजात पुढे काही ऐकूच गेलं नाही. मी मागे वळून पाहिलं. चेहरा पांढरा पडलेला, एका हातात हँडल घट्ट, दुसऱ्या हातातला रुमाल तोंडावर. वर सपाटीला पोचेपर्यंत त्यांना ओकारी झाली होती, शर्टावर, नव्या कोऱ्या सीटवर. जन्मभर या माणसाने डोंगरात गाडी चालवली, पण मागे कधी बसला नव्हता.

त्यांना खाली उतरवलं, एका दगडावर बसवलं, पाणी दिलं. हे खाली मान घालून सीट पुसत होते. कन्याही हसायची थांबली. बाबांनी मान वळवून त्या चढाकडे पाहिलं. मग मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तिला ओढ्यापासून वरपर्यंत असंच होत होतं का गं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी ओला रुमाल नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवला. उठताना मी हात पुढे केला तर तो बाजूला सारून स्वतःच उभे राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. पण या वेळी पीळसुद्धा थोडा सैल झालेला मी या डोळ्यांनी पाहिला.

काल सकाळी त्यांनी चहाबरोबर फर्मान काढलं. छताला काच चालेल. गिअर आपले आपण पडले तरी चालतील. रंग पोरीच्या मनासारखा. माझी पायरीसुद्धा मंजूर, देव पावला! फक्त सीटं सात आणि लो गिअर हवाच, आणि पुढे चालवणाऱ्याच्या शेजारची सीट धाकट्या सुनेची, तिची काच पूर्ण उघडते ना ते तपासून घ्या. मागे मी बसेन, म्हणाले. गाडी जो चालवेल त्याने मागून थांब म्हटलं की थांबायचं, चढ असो नाहीतर काही असो. हे सगळं त्यांनी पेपर वाचता वाचता सांगितलं, जणू दुधाचा हिशोब सांगतायत, आणि पेपर उलटा धरला होता. तर धाकटे, तुला पत्र लिहायचं कारण एवढंच. सात सीटं, लो गिअर आणि तो शेवाळी रंग, सगळं एकत्र हवं असेल तर गाडी खास बनवून घ्यावी लागते, शोरूमच्या बाई ती ऑर्डर शनिवारपर्यंतच घेणार आहेत आणि एकदा दिली की मागे फिरता येत नाही. बाबा तुला विचारणार नाहीत. भाऊजींनाही नाहीत. ते सात सीटांची गाडी घेतील, दर वेळी मागे जाऊन बसतील आणि पुढची सीट रिकामी ठेवून डोंगरावर जातील, ते मला बघवायचं नाही. तू आलीस तर पुढे बसायला ये किंवा भांडायला ये, मला दोन्ही चालेल, आणि वाटेत त्या म्हाताऱ्याला मागून उठवून मधे घे, त्याचे गुडघे नाही गं राहिलेत आता. नसशील येणार तर तेही स्पष्ट कळव, मी पाच सांगून टाकते आणि त्यांच्या शिव्या खाते. शनिवारच्या आत मला एकच आकडा पाठव.

तुझीच,
थोरली