पाहुण्यांच्या रजया

३ कौस

कोंबडा गेला! एकुलता एक. माझी मर्झिया अंगणात गेली की तिच्या मागे मागे फिरायचा. आबईने, म्हणजे सासूबाईंनी, आज सकाळी कापला. का? तर उद्या मदतवाल्यांचा माणूस घरं बघायला येणार, आणि तो आमच्या दारातून उपाशी गेला तर सासऱ्यांची मान कबरीत खाली जाईल म्हणे. ते जिवंत होते तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या मानेची एवढी काळजी केलेली मला तरी आठवत नाही.

शेजारी गुलचमनकडे उलटी धांदल. तिने सतरंज्या, समोवार, बरी बरी भांडी, सगळं गाढवाच्या गोठ्यात नेऊन गवताखाली दडवलं. भिंतीवरून मला म्हणते, "सबिरा, पोरीला फाटकं घाल. बुखारीतला जाळ विझव. आणि मेहमानखान्यातला तो तुमचा सात रजयांचा मनोरा — तो आधी हलव!"

मी आबईला तेच सांगितलं. ती कोंबड्याची पिसं उपटायची थांबली.

"पाहुण्यासमोर नागडं व्हायचं का गं?"

"पाहुणा नाही तो, आबई. आपली गरिबी मोजायला येतोय."

"मग मोजू दे की! जेवून मोजू दे."

मर्झिया कोंबड्याला हाका मारत अजून अंगणात फिरतेय.

४ कौस

आला. इंजिनियर नौरोज. आमच्याकडे मोबाइलवर बोट फिरवणारा प्रत्येक जण इंजिनियर! बामियानचा आहे, आपल्यातलाच, मिसरूड नुकतंच फुटलेलं. मेहमानखान्यात, पाहुण्यांच्या खोलीत बसला. बुखारी लालबुंद — आठवड्याचं सरपण एका दुपारी! कोंबड्याचा शोरवा, नान, वाटीभर वाळलेली तुती. पाठीमागे रजयांची चळत, वर आबईच्या हातची भरतकामाची पांढरी चादर, कोपरे ताठ.

मी पडद्याआड. पूर्वी मदतवाल्या बायका यायच्या. त्या सरळ चुलीपाशी येऊन पिठाच्या डब्यात डोकवायच्या. आता बायकांना कामच बंद. पुरुष येतात, मेहमानखाना बघतात आणि जातात. आतली ओली भिंत, रिकामा डबा, मर्झियाचा खोकला — तिकडे कोण फिरकणार?

"खाला, काही अडचण आहे का?" त्याने विचारलं. विचारलं हो, शहाण्यासारखं विचारलं!

"अल्लाची मेहेरबानी आहे. तू अजून थोडा शोरवा घे, पोरा."

पडद्याआड मी स्वतःचा हात चावला. खरंच चावला. वळ आहे अजून.

९ कौस

मशिदीत नावं वाचून दाखवली. आमचं नाही. गुलचमनचं आहे!

अरबाब म्हणाला, "ज्या घरात पाहुण्यांना सात रजया, त्या घराला कांबळी आणि कोळसा कशाला?" गावचा म्होरक्या तो, त्याचंही काय चुकलं? अख्ख्या गावाला आमचा मनोरा ठाऊक आहे.

माझ्या नवऱ्याचा, इवजचा फोन नाही. वीटभट्टीवर कामाला म्हणून इराणला गेला तो गेला. फोन आला असता तर मी त्याला एकच सांगितलं असतं — तुझ्या आईला घेऊन जा तिकडे!

१५ कौस

भांडले. चांगली कडाडून भांडले. मर्झिया पहाटे खोकून खोकून निळी पडली. मी म्हटलं, त्या सातातली एक द्या तिला. एकच!

"त्या पाहुण्यांच्या आहेत."

"आणि ही कोणाची आहे?"

"तिच्या अंगात जाड जाकीट आहे. मीच दिलंय. तुलाही कोट दिलाय, विसरलीस?"

विसरेन कशी! मागच्या थंडीआधी बाजारातून आणले म्हणून दोन्ही आमच्या अंगावर टाकले, तेव्हापासून ऐकतेय. जाड आहेत, नाही म्हणत नाही. पण कोट म्हणजे पांघरूण नाही. मी तशीच उठले आणि चादरीचा कोपरा धरला. आबईने हातातला डाव माझ्या मनगटावर हाणला! पाच वर्षं झाली या घरात येऊन, पहिल्यांदा हात उचलला. तोही कापसासाठी. मला रडू आलं, रागाने आलं.

ती चळत मला आजवर झटकूही दिलेली नाही. सगळं स्वतः करते, दार लावून.

२१ कौस

बर्फ. आणि त्या बर्फातून ट्रक आला. घरोघरी कोळशाची पोती, करडी कांबळी. आमच्या दारावरून नेत होते सगळे. मी खिडकीला फळकूट लावून घेतलं.

संध्याकाळी गुलचमनने एक कांबळं पाठवलं. तोंडाने फाटकी असली तरी मनाची तशी नाही. आबईने ते परत पाठवलं — वर मूठभर कुरूत ठेवून! वाळल्या दह्याचे आमच्या घरातले शेवटचे गोळे. कोणाची वस्तू नुसती परत पाठवायची नसते म्हणे. आता शोरव्यात काय घालू? माझं डोकं?

२२ कौस

वादळ. ट्रक घाटातून मागे फिरला. इंजिनियर नौरोज आणि ड्रायव्हर दोघे दारात उभे, भुवयांवर बर्फ. आमच्याच दारात! गुलचमननेच बोट दाखवलं म्हणे, "पांघरुणं तिथे आहेत."

आबईच्या चेहऱ्यावर काय तेज आलं! मला बाहेर पिटाळलं, आतून कडी लावली, स्वतः रजया काढून अंथरल्या. दोन. एक लाल मखमलीची, एक हिरवी. होतं नव्हतं ते सरपण त्यांच्या बुखारीत.

आम्ही तिघी गोठ्यात चाललोय. गाईच्या पोटाला टेकून झोपायचं. निदान गाय तरी पाहुण्यांना दिली नाही!

२३ कौस

त्याने बघितलं.

नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला पाणी मागायला म्हणून मागे आला आणि गोठ्याच्या दारात थबकला. गवतात आबई, तिच्या अंगावर नुसती शाल. मी. मध्ये मर्झिया, गाईच्या अंगाला चिकटलेली. मी ओढणी सारखी केली. मनात म्हटलं, बघ बाबा, आता नीट बघ!

"खाला... तुम्ही मला सांगितलं का नाही?"

आबई कपड्यावरचं गवत झटकत उठली. "पाहुण्याला असलं सांगतात होय?"

तो खालीच बसला. म्हणाला, "माझ्या आईनेही अशीच चळत रचून ठेवलीय. आम्हाला हात लावू देत नाही. मला कळायला हवं होतं." नाक पुसत होता. मला त्याची दया यायला हवी होती, आली नाही.

"मग आता द्या ना!" मीच बोलले. परक्या पुरुषाशी, सरळ.

ट्रक रिकामा आहे. घाट मोकळा झाला की वर कळवेन म्हणाला. हमल महिन्यात नक्की काहीतरी करू.

हमलमध्ये! तेव्हा इथे जर्दाळू फुलतात. तेव्हा कांबळी घेऊन काय करू, वाळवण घालू?

२६ कौस

गेले एकदाचे. इंजिनियर कोट 'विसरला'. आबई काठी टेकत, बर्फात पाय रोवत ट्रकपर्यंत गेली आणि परत देऊन आली. धापा टाकत म्हणते, "किती विसराळू पोरगा!" मी कपाळावर हात मारला.

मग कडी लावून रजया रचल्या. चादर. ताठ कोपरे.

१ जदी

चिल्ला लागला. पुढचे चाळीस दिवस हाडं फोडणारे. मर्झियाला ताप. छातीत शिट्टी वाजतेय. घाट बंद, डॉक्टर घाटापलीकडे. काही खात नाही. कोंबडा कुठे गेला, एवढंच विचारते.

३ जदी

आजचं लिहून ठेवते.

मर्झिया थंडीने दात वाजवत होती, ताप मात्र रसरसलेला. आबई झऱ्यावर पाण्याला गेली. मी मेहमानखान्यात शिरले. म्हटलं, आज डाव नाही, कुऱ्हाड घेऊन आली तरी बेहत्तर! चादर ओढली. लाल रजई काढली. हिरवी काढली.

खाली पोती. भुसा भरलेली पोती!

पोत्यांच्या पुढच्या कडेला मखमलीच्या पट्ट्या शिवलेल्या — निळी, जांभळी, पिवळी... समोरून बघणाऱ्याला सात रजया दिसाव्यात अशा. बारीक टाके. आबईचेच.

मग मी माझा कोट काढला. बाही उसवली. आत पांढरा, पिंजलेला जुना कापूस, आणि आतून लावलेलं ठिगळ निळ्या मखमलीचं. मर्झियाचं जाकीट उसवायची गरजच पडली नाही. इवज गेला तेव्हा त्याच्याबरोबर दिलेली वळकटी आठवली. केवढी जड होती!

वळून बघते तो आबई दारात. हातात घागर. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं आता ओरडेल.

"दोनच आहेत," ती म्हणाली. "एक खाली घाल, एक वर."

"आणि पाहुणा आला तर?"

"आल्यावर बघू."

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "सोड, पाणी सांडेल." मग मर्झियाला दोघींनी मध्ये घेतलं आणि लाल-हिरव्या रजयांत गुंडाळलं. आबईचे हात लाकडासारखे गार. या बाईला मी काय काय बोलले!

८ जदी

ताप उतरला. मर्झियाने नान मागितला. अल्ला!

१० जदी

सकाळी मी कडी लावून पोती रचली. रजया वर. चादर घातली, कोपरे ताठ केले. आबई आतून ओरडून विचारत होती, "डावीकडचा कोपरा खाली नाही ना आला?"

दुपारी गुलचमन आली. चळतीकडे बघत म्हणाली, "सात सात रजया, आणि पोरगी मरता मरता वाचली. एखादी काढायची होतीस गं!" आणि हात पुढे केला.

मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "हात नको लावू. पाहुण्यांच्या आहेत."