वाळ्याशिवाय लोबान

माकणी, १९८६. गुरुवार, दिवेलागण

अब्बांच्या कबरीवर भाईजानच्या हाती पाठवायला लोबान कुटला, चंदनाचा भुसा मिसळला. वाळा मात्र टाकला न्हाय. अम्मांनी वासावरनं लगेच ओळखलं.

"वाळा कुठंय गं? त्याच्याबिगर त्यांना लोबान चालायचा न्हाय."

"संपला," म्हटलं. डबा तर वाळ्यानं गच्च भरलाय.

सकाळी पुरुष माळावर पावसाची नमाज पढले, आम्ही बायकांनी घरात दुआ मागितली. माझ्या तोंडून आमीन निघेना. विहिरी आटल्यात, गुरं टेकलीत, आन् मी अशी कशी? पण पाऊस पडला की नवं धरण भरणार, आन् नदीकाठची अब्बांची कबर पाण्याखाली जाणार.

वाळा निखाऱ्यावर पडला की ओल्या मातीचा वास सुटतो. अब्बांच्या उशाशी तो वास कसा पाठवू?