अठरापर्यंत मोजलं

स्मृती नगर, भिलाई
दि. १४ जून

चि. गीतांजली हिला बाबांचे आशीर्वाद.

बिलासपूरच्या नोकरीत आता रुळली असशील. तुझी टीना मजेत आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते आणि पत्ते खेळताना पानं लपवून सर्रास चिडी करते, अगदी आजीवर गेली आहे. हाताशी फोन असताना बाबांना पत्राचं काय सुचलं, म्हणून हसशील. हस बापडी.

मंगळवारी शेजारच्या आंब्यावर वीज पडली तेव्हा आम्ही घरात होतो, असं मी तुला सांगितलं. मी घरात होतो. टीना गच्चीवर होती.

दुपारी आभाळ भरून आलं आणि वर मुंगवड्या वाळत होत्या. वीज दिसली की गडगडाट होईस्तोवर आकडे मोजायचे, तिनाने भागायचं, तितके किलोमीटर ती दूर. तुलाही मीच शिकवलं होतं. मी अठरा मोजले. सहा किलोमीटर, काही भीती नाही म्हणत तिला वड्या आणायला वर पिटाळू लागलो. ती पायरीवर अडून बसली.

"आबा, आवाज तर कधीचाच आला. मी पाचच मोजले."

कामचुकार म्हणून मी डाफरलो. ती गेली. आंबा उभा चिरला तेव्हा ती सूप धरून दहा हातांवर होती. खाली आली तर दातखीळ बसलेली.

पोर खरं बोलत होती. पहिला गडगडाट मला ऐकूच आला नव्हता, आला तो पुढच्या विजेचा. चार वर्षं झाली, फोनवरही तुझं बोलणं अर्धंमुर्धं कळतं आणि मी हो-हो करतो. नोकरीत असताना मिलच्या धडधडाटात कानात बोळे घालायची मलाच लाज वाटायची, दोष कुणाला देऊ? टीनाला दिवाळीपर्यंत ठेवायला मी होकार दिला, हे मला नंतर टीनाकडून कळलं.

काल पुन्हा आभाळ वाजलं. माझं मनगट धरून ती प्रत्येक गडगडाटाला दाबत होती.

"तुमाले ऐकू नाही येत, हे मी आईले नाही सांगणार. मी आहे ना, आबा."

नऊ वर्षांची आहे गं ती. तिनं हाक मारली आणि मी पाठमोरा असलो तर, या धास्तीनं मी दिवसभर तिच्याकडे तोंड करून बसतो.

पत्र मिळताच ये आणि तिला घेऊन जा. ती रडेल, मीही रडेन. फोनवर मी काही वेगळं बोललो, तर माझं ऐकू नकोस.

तुझा भ्यालेला,
बाबा